वेलांटी आधी

“…पण बुवा, बोटं एवढी लांब पळवायचीच कशाला?”

विश्रामने लॅपटॉप अण्णाबुवांपुढे सरकवला. मठाच्या ओटीवर ऊन नुकतंच चढत होतं. बुवा सुपात आमसुलं निवडत बसले होते.

“नेहमी लागणारी अक्षरं मी सगळी बोटांखाली आणलीत. माझा कीबोर्ड मीच नव्याने मांडलाय. हात जागचा हलत नाही.”

“बरं.”

“निम्मा वेळ वाचतो.”

“आणि वाचलेल्या वेळात काय करतोस?”

“आणखी टाइप करतो.”

“नाव तेवढं विश्राम,” बुवा म्हणाले.

कोपऱ्यात शेवंताताईंनी हसू दाबलं. बुवा सकाळी जे बोलत, ते ताई एका जुन्या मराठी टाइपरायटरवर उतरवून घेत. आता त्यांची बोटं दुखत, म्हणून त्यांच्या जागी कोणीतरी हवं होतं. ती जागा मिळावी, एवढ्यासाठीच विश्राम कुडाळहून आला होता. आपल्याहून जलद कोणी नाही, याबद्दल त्याला शंका नव्हती.

“या यंत्राचं काही खरं नाही, ताई. बटणं अशा ठिकाणी, की करंगळी मोडावी.”

“मोडली नाही अजून,” शेवंताताई म्हणाल्या.

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

“विश्राम, त्या यंत्रावर तुझं नाव काढ बघू.”

एवढंच? तो खुर्चीत बसला. पुसट झालेली अक्षरं शोधत त्याने बटणं दाबली.

टक्… टक्… टक्…

कागद वर आला. ‘व’ उघडाच राहिला होता. त्याची वेलांटी शेजारच्या ‘श्र’वर जाऊन बसली होती.

“हा कोण?” बुवांनी विचारलं.

विश्रामचे कान तापले. “मी ‘व’ दाबला, मग वेलांटी. माझ्याकडे तसंच आहे. बोलतो तसं.”

“इथे लिहितो तसं,” शेवंताताई हळूच म्हणाल्या. “वेलांटी आधी. ती उभी राहते, मग तिच्याखाली अक्षर येतं.”

“पण अक्षर आलेलंच नाही, तर वेलांटी कोणासाठी…”

वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

त्याने नवा कागद चढवला. आधी वेलांटी उमटवली. कोऱ्या कागदावर ती एकटीच, हात पुढे करून उभी राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला…

मग ‘व’ आला आणि अलगद तिच्याखाली बसला.

का कोण जाणे, त्याला बरं वाटलं. उरलेलं नाव त्याने घाई न करता पुरं केलं.

“बुवा, मग लॅपटॉप घरी ठेवू?”

“कशाला? आण की. बोटं तरी दुखणार नाहीत.”

“म्हणजे… जागा माझी?”

बुवांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“उद्या ये. पण वेलांटीसारखा ये… मी बोलायच्या आधी.”