म्हाळूकाका बीजगणित आणायला जातो

गडहिंग्लजच्या पलीकडं, मराठी संपता संपता कानडी सुरू होते तिथं, एका गावात एक भोळा काका होता. नाव म्हाळू शिंत्रे. भोळा म्हणजे किती, तर वडिलांनी एकदा सांगितलं, "म्हाळ्या, म्हशीवर नजर ठेव." ठेवली. म्हैस शेजाऱ्याच्या उसात शिरली, पोटभर ऊस खाल्ला, ढेकर देऊन बाहेर आली. म्हाळूची नजर क्षणभर ढळली नाही.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. म्हाळूला शब्दाचाच आधार. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, आणि सगळा घोळ तिथंच होता.

घरात वडील, म्हणजे आबा. थोरला भाऊ फौजेत. त्याची बायको मंदाकिनीवहिनी आणि त्यांची दोन पोरं, रेवा आणि चिन्मय. म्हाळू बिनलग्नाचा, त्यामुळं त्याचा सगळा जीव पोरांवर. रेवा पंधराची आणि चिन्मय तेराचा झाला तरी तो त्यांच्यासाठी अजून बांधावरची बोरं खिशातून आणायचा. पोरंही खायची बिचारी, खिशातल्या तंबाखूसकट.

गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर लांब वसतिगृहात राहायचं. वहिनी लग्नाआधी शाळेत शिकवत असत. त्या म्हणाल्या, पोरं घरीच शिकतील आणि सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसतील. गाव हसलं. हसू द्या, वहिनी म्हणाल्या. पोरं घरी शिकली, आणि खरंच शिकली. इतिहास झाला, भूगोल झाला, इंग्रजी झालं. मग आबांनी खोडा घातला.

"बाकीचं ठीक आहे," आबा म्हणाले. "पण बीजगणित? ते काय चुलीपुढं येतंय होय? दसरा झाला की वसतिगृहाच्या मास्तरांना बोलावतो. ते परीक्षा घेतील. बीजगणित आलं तर पोरं घरात. नाही आलं तर त्याच जीपमधून वसतिगृहात."

म्हाळू तडक स्वयंपाकघरात गेला. पोरं गेली तर घर खायला उठणार. त्यानं वहिनींना विचारलं, "मी काय करू?"

"तालुक्याला जा आणि बीजगणिताचं पुस्तक आणा," वहिनी म्हणाल्या. "चांगलं बघून आणा."

चांगलं बघून आणणं म्हाळूला येत होतं. नारळ कानाशी हलवून घ्यायचा, भोपळा हातात तोलून घ्यायचा. दुकानदारानं पुस्तकं पुढं टाकली. म्हाळूनं एकेक कानाशी हलवलं. पाणी कशातच वाजेना. मग तोलून बघितली आणि सगळ्यात जड होतं ते उचललं.

वहिनींनी उघडलं. ते इंजिनिअरिंगच्या पोरांचं होतं. पहिल्याच पानावर अशी चिन्हं होती की चिन्मयनं पान उलटं धरून बघितलं, तरी तशीच दिसली.

"अहो भावजी, पुस्तक म्हणजे भोपळा आहे का? तिथं उभं राहून वाचून बघायचं. कळलं तरच घ्यायचं."

"बरं वहिनी. ध्यानात ठेवतो."

पुढच्या बाजाराला म्हाळू पुन्हा दुकानात. पहिलं पुस्तक वाचलं, कळलं नाही. दुसरं वाचलं, कळलं नाही. दुकानदारानं दिवा लावला तरी म्हाळू वाचतच होता. शेवटी एक पुस्तक असं मिळालं की पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलं. आनंदानं नाचत घरी आला.

रेवानं उघडलं. पहिल्या पानावर एक आंबा. दुसऱ्या पानावर दोन बदकं.

"काका, हे बालवाडीचं आहे," रेवा म्हणाली.

"पण सगळं कळतंय बघ. दोन बदकं अधिक एक बदक, तीन बदकं. मी वाटेत पाठ केलं."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "तुम्हाला कळलं की झालं का? तुम्हाला कळेल ते या पोरांच्या काय उपयोगाचं? तुम्हाला न कळणारं घ्या."

"बरं वहिनी. ध्यानात ठेवतो."

पुढच्या बाजाराला दुकानदारानं मराठी पुस्तकं काढली. म्हाळूनं बघितली. बीजगणित कळेना, पण मधली अक्षरं कळत होती. 'समजा', 'म्हणून', 'उत्तर' असले शब्द समजत होते. हे नको, तो म्हणाला. आता आमच्याकडच्या दुकानात माल दोन्ही भाषांतला असतो, कारण गिऱ्हाईक दोन्हीकडचं. कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून म्हाळूनं एक पुस्तक ओढलं. एक अक्षर कळलं नाही. नावसुद्धा कळलं नाही. असलंच पाहिजे होतं, म्हणून तिथून पळतच निघाला.

पुस्तक कानडी होतं. बीजगणिताचंच होतं, एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

वहिनींना हसावं की रडावं कळेना. दसरा तोंडावर आला होता आणि पोरांच्या हातात अजून बदकं होती. "भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही आता स्वतःचं डोकं चालवूच नका. दुकानदार सांगेल तसं करा."

"बरं वहिनी. ध्यानात ठेवतो."

म्हाळूला दारात बघितल्याबरोबर दुकानदारानं हात जोडले. "बाबा रे, तू घरी जा आणि तुझ्या वहिनीलाच पाठव."

म्हाळू घरी आला आणि त्यानं वहिनींना पाठवलं. जन्मात एक काम बिनचूक झालं ते हे.

वहिनी दुकानातल्या स्टुलावर ठाण मांडून बसल्या. एका पुस्तकात नुसते नियमच. दुसऱ्यात सगळी उदाहरणं सोडवूनच दिलेली, पोरांना करायला काही नाहीच. तिसरं मात्र शेजारी बसून सांगावं तसं सांगत होतं, हा 'क्ष' कुठून आला, का आला, आणि त्याला एकटं कसं गाठायचं. तेच त्यांनी घेतलं. खोट एवढीच, की शेवटच्या पानांवर सगळी उत्तरं छापलेली होती.

घरी येऊन वहिनींनी ती पानं अलगद कापली आणि म्हाळूच्या हातात दिली. "ही तुमच्याजवळ ठेवा. पोरांना देऊ नका, मागितली तरी."

"का हो?"

"आयतं उत्तर मिळालं की डोकं गंजतं. ज्याचं त्यानं आधी शोधायचं. मग बरोबर आहे का ते सांगायचं."

"बरं वहिनी. ध्यानात ठेवतो." आणि पानं बंडीच्या आतल्या खिशात गेली.

पोरांनी झडझडून अभ्यास केला. सकाळी रेवा 'क्ष' शोधायची, दुपारी चिन्मय. संध्याकाळी दोघं मिळून आईच्या चुका शोधायची. दसरा झाला. मास्तर यायचा दिवस उजाडला. म्हाळूला घरात चैन पडेना, म्हणून तो फाट्यावर पिंपळाच्या पारावर जाऊन बसला. तेवढ्यात एक जीप येऊन थांबली.

"अहो, आबा शिंत्र्यांचं घर कुठं आलं?" आतल्या माणसानं विचारलं.

"सांगणार नाही," म्हाळू म्हणाला.

"माहीत नाही का?"

"माहीत आहे की. मी तिथंच राहतो."

"मग सांगा."

"आयतं उत्तर मिळालं की डोकं गंजतं. तुम्ही आधी शोधा. सापडलं की या, बरोबर आहे का ते सांगतो."

मास्तर चक्रावले. त्यांनी जीप हाणली ती थेट कानडी मुलखात. तिथं त्यांना कुणाचं काही समजेना, त्यांचं कुणाला समजेना. दुपार कलल्यावर घर सापडलं तेव्हा मास्तर मिशीपर्यंत धुळीनं माखले होते. दारात त्यांना म्हाळू भेटला.

"हेच का घर?" मास्तरांनी विचारलं.

"बरोबर," म्हाळू म्हणाला. "बघा, आलं की नाही तुमचं तुम्हाला?"

मास्तरांना पाणी देऊन वहिनी म्हाळूला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. हळू आवाजात बोलल्या, पण दात खाऊन बोलल्या. "भावजी, आज पोरांचं घर सुटायची वेळ आहे. माणूस अडलेला असतो म्हणून विचारतो. कुणी काही विचारलं आणि उत्तर तुमच्याजवळ असलं तर ताबडतोब द्यायचं. दुसऱ्यानं तोंड उघडायच्या आत."

"बरं वहिनी. ध्यानात ठेवतो."

बाहेरच्या सोप्यात घोंगडं अंथरलं होतं. एका बाजूला आबा, समोर मास्तर, मध्ये पोरं. पोरांच्या मागं म्हाळू. मास्तर आधीच चिडलेले. त्यांनी पोरांचं पुस्तक मागून घेतलं आणि शेवटचा उदाहरणसंग्रह उघडला.

"पहिलं उदाहरण. एका संख्येच्या तिपटीत पाच मिळवले तर वीस होतात. संख्या कोणती?"

रेवानं तोंड उघडलं.

"पाच," म्हाळू म्हणाला.

मास्तरांनी चष्मा वर केला. "दुसरं. बापाचं वय मुलाच्या चौपट आहे. पाच वर्षांनी ते तिप्पट होईल. मुलाचं आजचं वय काय?"

चिन्मयनं श्वास घेतला.

"दहा," म्हाळू म्हणाला.

आबांच्या हातातली सुपारी हातातच राहिली. मास्तरांनी पान उलटलं. "तिसरं. क्ष वर्ग उणे सात क्ष अधिक बारा बरोबर शून्य."

"तीन आणि चार," म्हाळू म्हणाला.

"म्हाळ्या," आबा म्हणाले, "तुला कधीपासनं येतंय हे?"

"हे काढलंत कुठून?" मास्तरांनी विचारलं.

आता विचारलं म्हटल्यावर ताबडतोब सांगायला नको? "बंडीतून," म्हाळू म्हणाला, आणि रोज पोरांची उत्तरं पडताळून पाठ झालेली ती पानं काढून त्यानं मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी पानं बघितली, मग वहिनींकडं बघितलं. "असलं शिक्षण आहे होय तुमचं? उत्तरं खिशात?"

आबा उठले. सुनेवर त्यांनी आवाज चढवला नाही, पण चेहरा पडला. "पोरांच्या ट्रंका भरा," एवढंच म्हणाले.

आपण सगळं सांगितल्यासारखं केलं, तरी ट्रंका कशा निघाल्या, हे म्हाळूला कळेना. डोळे भरून आले. रेवा मात्र उठून उभी राहिली. "आबा, काकांना बाहेर बसवा. पुस्तक मिटून ठेवा. मास्तर, तुमच्या मनातलं काहीही विचारा."

म्हाळूला बाहेर काढलं. तो जाऊन जीपच्या पायरीवर बसला.

मास्तरांनी थोडा विचार केला. "आमच्या पंगतीला लाडू वाटले. प्रत्येक पोराला चार दिले तर सहा उरतात. पाच दिले तर चार कमी पडतात. पोरं किती आणि लाडू किती?"

चिन्मयनं बोटानं घोंगड्यावर काहीतरी खरडलं. रेवानं त्याच्याकडं बघून मान हलवली.

"पोरं दहा," चिन्मय म्हणाला.

"लाडू सेहेचाळीस," रेवा म्हणाली. "आणि चारच वाटा मास्तर, पाच वाटायला गेलात तर भांडणं होतील."

मास्तरांनी आणखी विचारलं, पोरांनी आणखी सांगितलं. कसं काढलं तेही सांगितलं. मास्तर चिडके होते, पण खोटे नव्हते. म्हणाले, "आबासाहेब, पोरांना येतंय. आमच्याकडच्यांपेक्षा बरं येतंय." आबांनी सुपारी तोंडात टाकली आणि सुनेला म्हणाले, "ट्रंका माळ्यावर टाक." वहिनी आत गेल्या आणि पदरानं डोळे पुसून चहा घेऊन आल्या. म्हाळू बाहेरून हे सगळं ऐकत होता. त्याला वाटलं, आता आपल्याला काही मागायचं उरलं नाही.

निघायची वेळ झाली. सगळे जीपपाशी आले. मास्तर आपल्या जागेवर बसले आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "काय आबासाहेब, तुमच्या पोरांसाठी दोन खाटा राखून ठेवल्या होत्या. गाद्यासुद्धा घातल्या. आता त्यांच्यावर झोपायचं कुणी?"

ते आपलं बोलायचं म्हणून बोलले. आबा हसले. वहिनी हसल्या. पोरंही हसली. उत्तर कुणीच देईना. विचारणारा माणूस अडलेला आणि सगळे नुसते हसताहेत, हे काही म्हाळूला बरं वाटलं नाही.

"मी," म्हाळू म्हणाला, आणि मागच्या बाकावर चढून बसला.

"आणि दुसऱ्या खाटेवर?" मास्तरांनी हसतच विचारलं.

"मीच. एकीचा कंटाळा आला की."

फाट्यापर्यंत वाट दाखवायला बसला असेल, असं समजून मास्तरांनी जीप सुरू केली. घरच्यांनाही तसंच वाटलं. चिन्मयनं तर हात हलवून टाटा केला. फाटा आला, मास्तरांनी "डावीकडं का उजवीकडं?" विचारलं, म्हाळूनं ताबडतोब सांगितलं. उतरायला कुणी सांगितलंच नाही, मग तो उतरणार कसा?

जेवणवेळ झाली तरी काका आला नाही, तेव्हा घरात धावाधाव झाली. वहिनींनी वसतिगृहात फोन लावला. म्हाळू खाटेवर बसून आमटी-भात खात होता. आवाज रडवेला होता. पोरांची आठवण येतेय म्हणाला.

"अहो, मग या की परत," वहिनी म्हणाल्या. "कधी येताय?"

म्हाळूनं ताबडतोब उत्तर दिलं.

"बीजगणित आलं की."