उलट्या पाण्यानं गेलेली माळ

घ्या रे गोधडी अंगावर. लाथा मारू नका एकमेकांना. हं, ऐका.

एक होती आवडी. डोंगराखालच्या गावात तिची अबोलीची बाग होती. रोज पहाटे फुलं खुडायची, माळ गुंफायची आणि देवळात जाऊन म्हणायची, “घे गं बाई, नटून बस!” नवरा नाही, मूल नाही. देवीच तिची आई आणि देवीच तिची लेक.

एकदा काय झालं, देवीची नथ गेली. टपोऱ्या मोत्यांची, बरं का! गाव गोळा झाला. देवीजवळ जायचे दोघंच, गुरव आणि आवडी. गुरवावर कोण संशय घेणार? मग ठरलं, देवीलाच कौल लावू.

कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि विचारायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. भिकाजी गुरव नवाच होता. त्याच्या म्हाताऱ्या आईला सगळं ठाऊक, पण ती तापानं पडलेली. तिला विचारायचं काही त्याला सुचलं नाही. हात जोडून म्हणाला, “आई, आवडीनं नथ घेतली का गं?”

टपकन फूल पडलं. “उजवं पडलं!” भिकाजी ओरडला. मागच्यांना काय दिसतंय? गुरव म्हणाला उजवं, म्हणजे उजवं.

आवडीच्या पायाखालची जमीनच सरकली. गावानं चोर म्हटलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं हो. पण देवीनं म्हणावं?

गावानं तिला बाहेर काढलं. ओढ्याच्या खालच्या अंगाला खोपटी बांधून राहिली बिचारी. पहिल्या दिवशी पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी उठली आणि देवीला म्हणाली, “मी नथ घेतली नाही, तुलाही माहीत आहे. मग खोटं का बोललीस? पण तशी ओकीबोकी बसू नकोस.” मग कुड्याची पांढरी फुलं आणली, माळ केली, पाण्यात सोडली आणि रुसून पाठ फिरवून बसली.

आता पाणी तर देवळाकडून खाली येतं. माळ खालीच जायची ना? पण ती गर्रकन वळली आणि चढाला लागली! हसतोस काय रे बंड्या? देवीला हवी होती माळ, मग पाणी काय करणार? आवडीची पाठ होती, तिला दिसलंच नाही.

भिकाजीनं सकाळी दार उघडलं, तर देवीच्या गळ्यात ताजी माळ! त्यानं घाबरून दार पुन्हा लोटलं. कुणाला बोलला नाही.

मग उन्हाळा आला. फुलं करपली. आवडीनं आंब्याच्या पानांची माळ केली, सोडली, पाठ फिरवली. तीही गेली वर.

मग आवडीला ताप भरला. त्यात जत्रेचा दिवस. झाडापर्यंत पाय नेईनात. दारातलं कुसळी गवत उपटलं, लुगड्याच्या पदराचा दोरा काढला, माळ केली. म्हणाली, “अगं भवाने, आज एवढंच आहे. तुझंमाझं भांडण मिटेपर्यंत मी कुठं जात नाही. जगले वाचले तर उद्या पुन्हा येते.”

माळ निघाली. वाटेत डोहात बुडाली, वर आली. जत्रेला जमलेल्या गावादेखत देवळाच्या पायऱ्या चढली आणि देवीच्या गळ्यात पडली. कुसळांत काय अडकलं होतं, सांगा बघू? नथ! भिकाजीनंच शिळी फुलं न बघता ओढ्यात टाकली होती, त्यांत गुंतून ती डोहात गेली होती. मऊ फुलांच्या माळेत ती कसली अडकतेय!

“पण देवीनं तर कौल दिला होता!” लोक म्हणाले.

तेव्हा भिकाजीची म्हातारी काठी टेकत पुढं आली. “भिका, कुठलं फूल पडलं होतं रे?”

त्यानं आपला उजवा हात वर केला.

“अरे मेल्या! देवी तुझ्याकडे तोंड करून बसलीये. तुझा उजवा हात तो तिचा डावा! ती नाही म्हणत होती रे, नाही!”

गाव धावत ओढ्यावर गेला. भिकाजी आवडीच्या पाया पडला. आवडीनं एवढंच विचारलं, “ती नाही म्हणाली होती? पहिल्याच दिवशी?”

“हो गं माय.”

मग काय! ताप विसरून आवडी तडक देवळात. देवीला नथ घातली, तिच्या गालावरून हात फिरवला आणि ओक्साबोक्शी रडली. “मी तुला खोटारडी म्हटलं गं. रागावलीस का माझ्यावर?”

टपकन फूल पडलं. डावं. देवीचं डावं, हं! उजवा हात खाली ठेव बंड्या, बरोबर आहे तुझा.

आवडीची बाग पुन्हा फुलली, देवी रोज नटून बसली, आणि भिकाजी शिळी फुलं चारदा झटकून टाकायला शिकला. आता मिटा डोळे. नाही तर मी पाठ फिरवून बसेन.