वाटेकरी खडक

वेळेसरच्या खाडीच्या तोंडाशी तो काळा, पायऱ्यापायऱ्यांचा खडक दिसतो ना, त्याला इथे वाटेकरी म्हणतात. रावसाच्या दिवसांत सकाळी या, म्हणजे गंमत दिसेल. खडकावर शाळेचे मास्तर, पोस्टमन, शिंपी अशी हौशी मंडळी गरी टाकून उभी असतात. आणि इकडे वाळूच्या पुळणीवर रापणीचं, म्हणजे काठावरून ओढायचं, लांबलचक जाळं होडीत भरून चाळीस माणसं नुसती बसलेली. डोळ्यांदेखत मासा उसळतो, तरी कोणी जाळ्याला हात लावत नाही. पाहुणे विचारतात, यांचं तर पोट मासळीवर, मग हे हातावर हात धरून का बसलेत?

फार पूर्वी, म्हणे, रघोजी तांडेल या रापणीचा म्होरक्या होता. पायाला भिंगरी बांधूनच जन्मलेला माणूस. पेज निवेपर्यंतही त्याला धीर नसे, रोज जीभ भाजून घ्यायचा. त्याचा बाप भिवा तांडेल अगदी उलटा. रापण ओढून ओढून खांदा कामातून गेला, तेव्हा त्याने सगळं लेकाच्या हवाली केलं आणि नारबा सोनार व गावचे वैद्य यांच्यासोबत खडकावर गरवायला जाऊ लागला. निव्वळ हौस. एखादा रावस लागला की म्हाताऱ्याचा दिवस खुशीत जाई. भरती चढली की होडी जाऊन तिघांना उतरवून आणी.

त्या वर्षी दसरा उलटला तरी रावस फिरकला नाही. चाळीस घरांत नुसती पेज आणि मीठ. रघोजी दिवसातून दहादा पुळणीवर यायचा, पाण्याकडे बघायचा, घरी जायचा, पुन्हा यायचा. बायको म्हणायची, "बसा वायच. जमीन झिजात."

आणि एका सकाळी रावस आला. खडकाला लागूनच पाणी उकळल्यासारखं झालं. खडकावरच्या तिघांच्या गऱ्या आधीच पाण्यात होत्या, नेमक्या जाळ्याच्या वाटेत. ते पाहून रघोजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. होडीतूनच तो ओरडला, "तुमची ती मजा, आमचा पोट! गऱ्यो गुंडाळा!"

सोनारही तापला. "दर्यो काय तुझ्या बापाशीचो?"

बाप तर शेजारीच उभा. तो हसून म्हणाला, "रघो, भरती चढतली तसो मासो आतच येतलो. खडक बुडांदे. आमी उतारलंव की मगे सगळो दर्यो तुजो."

पण थांबेल तो रघोजी कसला! त्याने खडकाला वळसा घालून जाळं सोडलं. दोन्ही टोकं पुळणीवर गेली, माणसं दोर ओढू लागली, आणि जाळ्याचा मधला भाग खडकाच्या कंगोऱ्यात अडकला. रघोजीने होडीतून तो हातांनी उचलून धरला. आत मासा धडका देत होता. हात सोडले तर जाळं खाली बसणार आणि मासा वरून निसटणार.

तेवढ्यात पाणी दुसऱ्या पायरीवर आलं. मग तिसऱ्या.

"रघो, होडी हाड रे!" बापाने होडीसाठी हाक मारली.

"बाबानू, वायच थांबा! एवढी ओढ होवंदे!"

आयुष्यात कधी न थांबलेला माणूस बापाला थांबा म्हणाला. म्हातारा थांबला. पुन्हा हाक आली, पुन्हा तेच उत्तर गेलं. तिसऱ्यांदा हाक आलीच नाही. लाटेने तिघांनाही खाली ओढलं होतं. सोनार आणि वैद्य हातपाय मारत काठाला लागले. भिवाचा खांदा त्याला साथ देईना.

रघोजीने जाळं टाकून पाण्यात उडी घेतली, पण फार उशीर झाला होता.

मासा मात्र तोवर काठाच्या उथळात आला होता. तेवढी रापण कोणी कधी पाहिली नव्हती, असं सांगतात. माणसं रडत होती आणि हात सवयीने वाटे घालत होते. चाळीस घरांचे चाळीस वाटे झाले. एक्केचाळिसावाही पडला. थकल्या रापणकराचा वाटा काढायची इथली रीतच होती. तो भिवाचा वाटा बघून रघोजी वाळूत मटकन बसला. असा तो जन्मात पहिल्यांदा बसला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने नारळ घेऊन गाऱ्हाणं घातलं. "बा दर्या महाराजा, खडक कोरडो असा तवसर मासो गरयेचो. खडक बुडालो की रापणीचो. पयली होडी खडकाक जायत, मगे जाळ्याक." सगळा गाव म्हणाला, "व्हय महाराजा." नारबा सोनारही म्हणाला, आणि त्याने आपलीही भर घातली, की गरीवाल्याने घरी एकच रावस न्यावा, बाकीचे रापणीच्या ढिगात टाकावेत.

आजही रापणीचा तांडेल पायाच्या बोटांनी वाळू उकरत बसतो. चैन कुणाला पडते? कधी कधी मासा निघूनही जातो, मग शिव्या ऐकू येतात. पण होडी आधी खडकाकडेच जाते, आणि तांडेल स्वतः हात देऊन एकेकाला उतरवतो. भिवाचा वाटा अजून निघतो, तो रिकाम्या हाताने उतरलेल्या गरीवाल्याला मिळतो. आणि या पुळणीवर खडकावरच्या माणसाला कोणी 'थांबा' म्हणत नाही. हाक आली, की चाळीस गळ्यांतून एकच ओ जाते. "इलंव, इलंव!"