डबीरकाकांच्या मोबाइलमधला पडदा

आमचे घरमालक डबीरकाका नोकरीतून निवृत्त झाले होते, पण त्यांची साहेबी काही निवृत्त झाली नव्हती. आमच्या भाड्याच्या खोलीला मोटरचे पडदे लावायचे असं त्यांनी ठरवलं आणि काकूंना, मला आणि माझ्याबरोबर राहणाऱ्या हेमांगीला घेऊन ते दुकानात आले. दुकानदाराने मोबाइलवर बोट टेकवलं आणि माझ्या पाठीमागचा पडदा आपोआप सर्रकन वर गेला. मी दचकून हेमांगीचा दंडच धरला.

"छान," काका म्हणाले. "पण हे माझ्या एकट्याच्या मोबाइलला जोडा. मुली वस्तू बिघडवतात. पडदा कधी उघडायचा ते मी घरबसल्या ठरवीन. पटत नसेल तर खोली सोडा."

मी घाबरून हेमांगीकडे पाहिलं. परीक्षा महिन्यावर आलेली, आता दुसरी खोली कुठून मिळणार? आणि आमच्या खिडकीचा पडदा यांच्या बोटावर?

हेमांगी मात्र "बरं काका" म्हणाली. दुकानदाराकडून कागद मागून तिने शांतपणे काहीतरी लिहिलं आणि तो काकूंच्या हातात दिला.

"काकू, आमच्या कपडे बदलायच्या वेळा लिहिल्यात. काका मोबाइल घेऊन बसले की तेवढं जरा बघत जा."

काकूंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि काकांकडे पाहिलं. काका एकदम पडद्याचं कापड तपासू लागले.

"मुलींचा पडदा मुलींच्याच मोबाइलला जोडा," काकू दुकानदाराला म्हणाल्या. "आणि एक ह्यांच्या खोलीतही बसवा. तो माझ्या मोबाइलला."