धाकू हाळकरानं राजाला दिलेली हाळी

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी, आंबोणखोऱ्यात गाडीवाट नव्हती की टपाल नव्हतं, तेव्हा निरोप पायानं जायचा नाही, गळ्यानं जायचा. मधे खोल नदी आणि तिच्या दोन्ही अंगांना मिळून सात वाड्या. या वाडीतून त्या वाडीत जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. म्हणून खोऱ्याच्या मधोमध एका उंच कातळावर हाळी देणारा माणूस बसायचा. निरोप त्याला सांगायचा, तो हाक मारून पलीकडे पोचवायचा. असे हाळकर कैक झाले, पण धाकूसारखा दुसरा झाला नाही.

धाकू पाच वर्षांचा असताना तापात त्याचे दोन्ही पाय गेले. आई त्याला सकाळी पाठीवरून आणून कातळावर ठेवायची आणि शेतावर जायची. तिथं बसून बसून त्याचा आवाज वाढला. पायांत जायची ती सगळी ताकद गळ्यात गेली, असं म्हणतात. त्यानं हाक दिली की सातव्या वाडीतली म्हैस रवंथ करायची थांबायची आणि चुलीवर उतू जाणारं दूध खाली बसायचं. हसू नका, म्हातारी माणसं शपथेवर सांगतात.

हाळीचे कायदे कडक होते. निरोप कुणाचा आणि कुणाला, हे आधी सांगायचं. मग शब्द जसेच्या तसे, पदरचं एक अक्षर घालायचं नाही. पलीकडून उत्तर आलंच पाहिजे. तीन हाळ्यांना उत्तर आलं नाही, तर हाळकरानं स्वतः उठून जायचं आणि उत्तर घेऊन यायचं. धाकू हे इतकं पाळायचा की सासूनं सुनेच्या माहेराला दिलेल्या शिव्याही तो साऱ्या खोऱ्याला ऐकू जातील अशा पोचवायचा, आणि माहेरचं उत्तरही तितक्याच इमानानं परत आणायचा. त्यामुळे आंबोणखोऱ्यात लोक शिवी द्यायच्या आधी जरा विचार करत.

आता खोताची गोष्ट ऐका. खोऱ्याच्या टोकाला एक टेकडी, तिच्यावर राघोबा खोताचं घर. सरकारनं खोऱ्याला शाळा आणि दवाखाना दिला, तेव्हा खोतानं दोन्ही आपल्या अंगणाशेजारी बांधून घेतले. पाहुण्यांना दाखवायला बरं. वर जायला एकशे साठ पायऱ्या, चांगल्या गुडघाभर उंच. तापानं फणफणलेल्या माणसाला त्या चढवून नेईपर्यंत त्याचा ताप तरी जायचा नाहीतर जीव तरी. पण खोतापुढे बोलणार कोण?

तेवढ्यात राजानं दवंडी पिटली. राजधानीत रयतसभा भरणार, दर खोऱ्यानं एक माणूस निवडून पाठवावा आणि त्यानं आपल्या लोकांचं गाऱ्हाणं मांडावं. खोतानं गावकी जमवली आणि म्हणाला, "आपला धाकूच योग्य." सभेत उभं राहून बोलेल त्याचंच ऐकतात, हा नियम खोताला ठाऊक होता. धाकू उभा राहायचा नाही आणि पायऱ्यांचा विषय निघायचा नाही. लोकांनी मात्र आनंदानं हात वर केले, त्याचं कारण वेगळंच होतं. राजधानी चार दिवसांच्या वाटेवर. दुसरा कुणी निवडला तर त्याला चालत जावं लागणार; धाकू काय, कातळावरूनच सांगेल की. असं भोळं खोरं होतं ते.

निवड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी भागी कातळाशी आली. कंबरेला फडकं घट्ट बांधलेलं, आणि पाठीवर तिची आठ वर्षांची लेक, आवडी. आवडीचे पाय धाकूसारखेच गेले होते. दोन वर्षं भागीनं तिला रोज पाठीवर घेऊन एकशे साठ पायऱ्या चढवल्या, उतरवल्या. मग भागी शेवाळावर घसरून पडली, तेव्हापासून तिची कंबर धरली होती. आता टेकडी चढवत नव्हती.

"धाकूदादा, दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पोरगी हजर नसेल तर नाव कमी होणार, असं मास्तर म्हणाले," भागी म्हणाली. "माझी हाळी दे राजाला."

"शब्द सांग."

"माझ्या लेकीला शाळा दिसते, पण शाळेत जाता येत नाही. शाळा खाली आणा, नाहीतर वाट तरी तिच्याजोगती करा."

धाकूनं आवडीकडे पाहिलं. तिच्या हातात पाटी होती आणि पाटीवर तिनं स्वतःचं नाव काढलं होतं. ती अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. पण त्यानं भागीचे शब्दच तेवढे पुन्हा म्हणून दाखवले. निरोप्यानं आपलं मधे आणायचं नसतं.

सभेच्या पहिल्या दिवशी सूर्य वर येताच धाकूनं कातळावरून राजधानीच्या दिशेला तोंड करून हाळी दिली. "भागीची हाळी, राजाला!" सगळं खोरं कान टवकारून बसलं. उत्तर आलं नाही. दुपारी दिली, तेव्हा चार डोंगर पलीकडचे कावळे उडाले असं म्हणतात, पण राजा काही बोलला नाही. तिसरी संध्याकाळी दिली. तिलाही उत्तर नाही.

तीन हाळ्या झाल्या. आता कायद्यानं जायलाच हवं होतं.

बांबूची डोली झाली. सातही वाड्यांतले गडी आलटूनपालटून खांदा द्यायला निघाले. वाटेत जो तो आपला निरोप घेऊन आडवा येई. कुणाचा बाप नव्वदाव्या पायरीवर गेला होता. कुणाला दिसत नव्हतं आणि पायऱ्यांना कठडा नव्हता. एक बाळंतीण पायथ्याशीच मोकळी झाली होती, कोकणी पावसात. धाकू प्रत्येकाला विचारी, नाव काय, शब्द काय, आणि डोळे मिटून मनात ठेवी.

राजधानीत पोचला तेव्हा सभा मोडायला एक दिवस उरला होता. सभेच्या दाराशी नऊ संगमरवरी पायऱ्या. पहारेकरी डोली आत सोडेनात. धाकू खाली उतरला आणि हातांवर चढला. त्या पायऱ्यांवर त्याच्या तळव्यांचे ठसे उमटले असं म्हणतात. आत दिवाणजी म्हणाले, "सभासदानं उभं राहून बोलावं, असा नियम आहे."

"मी बोलायला आलोच नाही," धाकू म्हणाला. "मी हाळी द्यायला आलोय. हाळी बसूनच देतात."

आणि दिली. भागीची दिली, मग बापाची, आंधळ्याची, बाळंतिणीची. ज्याचे त्याचे शब्द, ज्याच्या त्याच्या नावानं. छताच्या हंड्या किणकिणल्या, कारकुनांच्या दौती कलंडल्या. आणि सिंहासनावरचा म्हातारा राजा एकदम सावरून बसला. खरी गोष्ट अशी होती की राजाला सात वर्षं ऐकूच येत नव्हतं. दिवाणजी कानाशी लागून जे सांगतील ते खरं, असं चाललं होतं, आणि राजा लाजेनं कुणाला बोलला नव्हता. त्या दिवशी रयतेचं बोलणं त्याच्या कानात थेट शिरलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो सिंहासनावरून उतरला आणि धाकूसमोर जमिनीवर बसला. राजा खाली बसल्यावर उभं कोण राहणार? सगळी सभा बसली.

"उत्तर द्या महाराज," धाकू म्हणाला. "मला परत न्यायचंय."

"वाट होईल," राजा म्हणाला. "भागीच्या लेकीजोगती होईल. मी हुकूम देतो. पण हाळकर, सगळ्यांच्या हाळ्या झाल्या. तुमची कोणती?"

साऱ्या जन्मात धाकूला हे कुणी विचारलं नव्हतं. ज्याचा आवाज सात वाड्यांना पुरायचा तो राजाच्या जवळ सरकला. मग तो हळूच म्हणाला, "मलाही शाळेत जायचं होतं."

राजाला तेही ऐकू आलं, असं म्हणतात.

हुकूम घेऊन डोली परतली. दिवाळीला उणापुरा महिना होता. टेकडीला वळसे घेत जाणारी सपाट चढण काढायची, तर ती खोताच्या आमराईतून जाणार. खोत आडवा झाला. हुकूम दाखवला तर म्हणे, शिक्का पुसट आहे. धाकू पुन्हा कातळावर बसला आणि वाट बघत राहिला. तिसऱ्या दिवशी टेकडीवरून एक कापरा आवाज आला. खोताची आई, बयोआई, अंगणाच्या कडेला बसून ओरडत होती. धाकूनं ऐकलं आणि तिचा निरोप सगळ्या खोऱ्याला पोचवला.

"बयोआईची हाळी, राघोबा खोताला! मेल्या, माझे गुडघे गेल्यापासून बारा वर्षं मी खाली उतरले नाही. मला बाजार बघायचाय. आंबे काय, पुन्हा लावता येतील."

राघोबाला चढणीची परवानगी द्यायला तेवढं पुरलं. खोऱ्यात त्यावर अजून हसतात.

मग धाकूनं सात वाड्यांना हाळी दिली आणि माणसं पहार-कुदळी घेऊन आली. कातळ फुटेना तिथं धाकू ओरडायचा आणि कातळ तडकायचा, असं म्हणतात. फोड आलेले हात कुणाचे होते ते मात्र कुणी सांगत नाही. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी चढण शाळेच्या उंबऱ्याला लागली.

दुसऱ्या दिवशी सुतारानं केलेल्या चाकांच्या दोन गाड्या चढणीवरून वर गेल्या. एकीत आवडी होती, हातानं चाकं फिरवत, आणि भागी मागून मोकळ्या हातांनी चालत होती. दुसरीत धाकू होता. तेव्हा त्याचं वय चाळीस. तो पहिलीच्या वर्गात पुढच्या ओळीत बसला. मास्तरांनी वहीत त्याचं नाव सगळ्यात वर घातलं आणि पुकारलं, "धाकू हाळकर."

"हजर," धाकू म्हणाला, आणि वर्गाची चार कौलं खाली आली.

आता कातळावर कुणी बसत नाही. पण आंबोणखोऱ्याच्या ग्रामसभेत अजून कुणी उभं राहून बोलत नाही. मोठा साहेब आला तरी त्याला आधी बसवतात. बोलणारा आधी सांगतो, ही अमक्याची हाळी, आणि उत्तर मिळेपर्यंत सभा उठत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते त्या दिवशी धडधाकट माणसंही पायऱ्या सोडून चढणीनं जातात. आणि शाळेच्या हजेरीत पहिलं नाव अजूनही धाकू हाळकराचं आहे. मास्तर ते पुकारतात, क्षणभर थांबतात, आणि सगळी पोरं बसल्या जागेवरून, कातळापर्यंत पोचेल अशा आवाजात उत्तर देतात, "हजर!"