सगळ्यांना ऐकू आलेली घंटा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथी होती चैत्र वद्य द्वितीया. आभाळ स्वच्छ, वारा कोरडा, आणि नदी इतकी उतरलेली की बकऱ्या चालत पलीकडे जात होत्या. अशा दिवशी एक माणूस नदीकाठच्या एका गावात आला. पुराची घंटा कशी असावी, हे त्याला ठरवायचं होतं.

त्याचं नाव सुभानजी. राणीच्या पदरी त्याला एकच काम होतं. राज्यात पूल, बांध किंवा कोठार उभारायचं ठरलं की आधी सुभानजीने तिथे जायचं, लोकांना काय हवं ते विचारायचं आणि त्यावरून कामाच्या अटी लिहायच्या. कारागिरांनी त्या अटींप्रमाणे काम करायचं. काम संपलं की एकेक अट ताडून पाहायची. एक जरी अट सुटली तरी राणी ते काम मान्य करत नसे.

सुभानजी कामात मोठा चोख होता. ‘पूल मजबूत असावा’ असं त्याने कधी लिहिलं नाही. ‘भरलेली बैलगाडी मधोमध उभी केली तरी पुलाची फळी वाकू नये’ असं तो लिही. जी गोष्ट तपासता येत नाही ती लिहायची नाही, हा त्याचा नेम होता. त्याच्या अटींवरून कारागिरांत कधी भांडण झालं नव्हतं.

या गावाचं दुखणं वेगळंच होतं. पाऊस पडायचा दूरच्या डोंगरात आणि पाणी यायचं इथे. गावावर ऊन असायचं, अंगणात वाळवणं असायची, आणि नदी अचानक फुगून घरात शिरायची. मागच्या पुरात बरीच माणसं गेली होती. गावामागे उंच टेकडी होती, पण टेकडीवर जायला हवं हे लोकांना कळेपर्यंत उशीर झालेला असे. म्हणून राणीने घंटा मंजूर केली होती.

सुभानजी बायकोला, गिरजाला, घेऊन टेकडीजवळच्या एका घरात राहिला. मग त्याने चावडीवर गाव जमवलं.

“घंटा कशी हवी, ते सांगा,” तो म्हणाला.

“मोठी हवी!” एकजण ओरडला.

“मोठी म्हणजे किती? कुणाला ऐकू यायला हवी?”

“माझ्या सासूला,” मागून एक कोळीण म्हणाली. “तिला ऐकू आली म्हणजे सगळ्या गावाला आली.”

“मग घंटा कशाला, तोफच मागा!” दुसरी म्हणाली, आणि सगळी चावडी हसली. सासूही हसली, पण सगळे हसताहेत हे पाहून.

सुभानजी हसला नाही. त्याने लिहिलं: ‘घंटा गावातल्या प्रत्येक घरात ऐकू यावी, कमी ऐकू येणाऱ्यांनाही.’

कोष्टी म्हणाले, आमचे माग चालू असताना शेजारचं बोलणंसुद्धा कळत नाही. त्याने लिहिलं: ‘माग चालू असतानाही ऐकू यावी.’

“पण वाजवणार कोण?” ठकूबाई नावाची एक म्हातारी म्हणाली. “पहारेकरी ठेवाल, तर तो झोपेल. जागा राहिला, तर घाबरून पळेल. माणसाच्या भरवशावर ठेवू नकोस, लेका.”

“आणि अर्ध्यावर बंद पडायला नको,” आणखी कुणी म्हणालं. “पाणी उतरेपर्यंत वाजली पाहिजे.”

त्याने दोन्ही गोष्टी लिहिल्या. उठता उठता त्याने ठकूबाईला विचारलं, “आजी, घंटा ऐकली की तुमचं गाव लगेच हलेल ना? का कुशीवर वळून झोपेल?”

म्हातारीला राग आला. “आमच्या गावाला काय समजतोस रे? इथे कुणी नुसती थाळी बडवली तरी घरात कोणी थांबत नाही. आग असो, विहिरीत बैल पडलेला असो. हातातला घास टाकून उठतात माणसं!”

सुभानजीला फार बरं वाटलं. अशा गावासाठी काम करायला मिळतंय, असं त्याच्या मनात आलं.

घंटा ओतायला दौलोबा ओतारी आला. अटी वाचून तो बराच वेळ दाढी खाजवत बसला.

“सुभानराव, माणसाशिवाय वाजवायची म्हणजे नदीनेच वाजवली पाहिजे.”

“वाजवेल?”

“का नाही वाजवणार? नदीच्या घाटावर चौथरा बांधू. त्याच्या अंगाला लाकडी चाक बसवू, नेहमीच्या पाण्याच्या वर. पाणी चढलं की चाक फिरेल. चाकाच्या खुंट्या हातोडा उचलतील आणि सोडतील. नदीला जितका जोर, तितके ठोके जलद. थांबवायचं म्हटलं तरी कुणाला थांबवता येणार नाही.”

“हेच हवंय,” सुभानजी म्हणाला.

आषाढ लागायच्या आत घंटा टांगली गेली. म्हशीएवढी होती. तपासणीच्या दिवशी सुभानजीने दवंडी पिटवली: सगळ्यांनी आपापल्या घरी थांबावं, कोष्ट्यांनी माग चालू ठेवावेत, आणि ज्याला घंटा ऐकू येईल त्याने दारावर आंब्याची डहाळी लावावी. दौलोबाने आणि चार गड्यांनी चाक हाताने फिरवलं. मग सुभानजी गल्ली न् गल्ली हिंडला. एकही दार डहाळीवाचून नव्हतं. कोळणीच्या सासूने तर दोन लावल्या होत्या.

सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. राणीने काम मान्य केलं. तरी सुभानजी लगेच राजधानीला परतला नाही. लोक टेकडीवर येतील तेव्हा उघड्यावर भिजू नयेत, म्हणून तो तिथे स्वतःच्या हौसेने झापाच्या झोपड्या उभारू लागला. ते काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गावातले लोक वर बघत आणि राणीच्या गुरांचं खिल्लार येणार असेल म्हणत. गिरजा म्हणायची, “अहो, घंटा झाली ना? मग आता चला की.” पण या चार महिन्यांत तिला गाव आवडायला लागलं होतं, म्हणून तीही नेट धरत नसे.

श्रावण वद्य पंचमीला सकाळी ऊन पडलं होतं. सुभानजी टेकडीवर शेवटच्या झोपडीचं झाप बांधत होता. चाक खरंच फिरतं का ते पाहायला थांबलेला दौलोबा त्याला दोर देत होता. तेवढ्यात खालून घंटा वाजली.

एकदा वाजली. मग पुन्हा. मग ठोके लागोपाठ येऊ लागले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दौलोबाच्या चेहऱ्यावर आनंदच होता. “चाक फिरलं!” तो म्हणाला. “बघा, आपोआप फिरलं!”

सुभानजीने झाप टाकलं. त्याने पाण्याचे माठ सावलीत ओढले, चटया पसरल्या आणि टेकडीच्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पहिल्यांदा म्हातारी माणसं येतील, त्यांना हात द्यावा लागेल, असा त्याचा हिशोब होता.

वाट मोकळी होती.

तो थांबला. घंटा घणघणत होती. वाटेवर कोणी नव्हतं. एक कुत्रं तेवढं जीव घेऊन वर पळत आलं आणि त्याच्या पायांमधून निघून गेलं.

“ऐकू नाही का गेली?” दौलोबा म्हणाला.

मग सुभानजी कड्यापाशी गेला आणि त्याने खाली पाहिलं.

गावातल्या सगळ्या गल्ल्या माणसांनी भरल्या होत्या. दारं उघडत होती, माणसं बाहेर पडत होती, धावत होती. कुणाच्या खांद्यावर दोर होता, कुणाच्या हातात बांबू, कुणाच्या कमरेवर घागर. कोष्टी माग सोडून आले होते. कोळणी ओचा खोचून पळत होत्या. एकही माणूस घरात थांबला नव्हता. आणि सगळी माणसं खाली धावत होती. घाटाकडे. घंटेकडे.

सुभानजीला क्षणभर वाटलं, आपण उलटं बघतोय, आपलेच डोळे फिरलेत. राजधानीत घंटा झाली की माणसं किल्ल्यावर चढतात. त्याच्या बापाने तेच केलं होतं, आजाने तेच. घंटा ऐकून खाली जाणारं माणूस त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून घंटा ऐकल्यावर कुठे जाल, हे त्याने कुणाला विचारलंच नव्हतं. आणि या गावात हाक जिथून येईल तिथे धावायचं असतं; कशाची हाक, ते तिथे पोचल्यावर विचारायचं. म्हणून त्यांनीही त्याला ते सांगितलं नव्हतं.

“अरे, वर या!” तो ओरडला. “वर या!”

घंटेच्या आवाजात त्याचं ओरडणं त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

दोघे टेकडी उतरत धावले. चावडीपाशी गर्दीत शिरले. सुभानजी दिसेल त्याला धरून मागे ढकलू लागला. लोक त्याचा हात झटकत होते. मागून कमरेवर घागर घेतलेली एक बाई त्याला ओलांडून पुढे गेली. ती गिरजा होती. चार महिन्यांत तिलाही गावाची सवय लागली होती.

त्याने तिचा दंड पकडला. “कुठे चाललीस?”

तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. “कुठे म्हणजे? घंटा वाजतेय, ऐकू येत नाही का तुम्हाला? घाटावर कोणीतरी बुडत असेल! इथे उभे काय राहिलात? चला ना!”

“गिरजा, ती पळून जायला वाजतेय!”

“काय?”

“पळून जायला! वर!”

तिला ऐकू गेलं नाही. घंटा आता इतक्या जलद वाजत होती की दोन ठोक्यांच्या मध्ये जागाच उरली नव्हती. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर पाणी आलं होतं, तपकिरी आणि फांद्यांनी भरलेलं. पुढच्या लोकांना ते दिसलं. ते मागे वळू पाहत होते. मागच्यांना दिसत नव्हतं. त्यांना घंटा ऐकू येत होती, आणि ती जितकी जोरात वाजे तितके ते जोरात पुढे रेटत होते. मदत कमी पडतेय, असंच त्यांना वाटत होतं.

दौलोबा सुभानजीच्या खांद्याला धरून ओरडला, “बंद केली पाहिजे!”

“कशी?”

ती बंद होऊ नये म्हणून जे जे करायचं ते सगळं दौलोबानेच केलं होतं. त्याने एका कोळ्याच्या कमरेची कोयती ओढली आणि तो चौथऱ्याकडे निघाला. पाणी त्याच्या मांडीला लागलं, मग छातीला. तो चौकटीवर चढला. घंटा एका जाड चामडी पट्ट्याला टांगली होती. तो पट्टा त्याने स्वतः तेलात मुरवला होता. त्याने घाव घातला. पट्टा तुटला नाही. त्याने आणखी घातले. सुभानजी पाहत होता आणि त्याच्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. पट्टा चांगला झालाय, एवढंच येत होतं.

मग पट्टा तुटला. घंटा चौथऱ्यावर आदळली, कलंडली, आणि चौकटीला, चाकाला आणि दौलोबाला घेऊन पाण्यात गेली.

सगळीकडे शांत झालं. माणसं होती तिथे थांबली.

“वर!” सुभानजी ओरडला. या वेळी त्याचा आवाज शेवटच्या गल्लीपर्यंत गेला. “सगळे टेकडीवर! मागे फिरा, वर चला!”

गिरजाने घागर टाकली, शेजारच्या ठकूबाईला पाठीवर घेतलं आणि ती वळली. तिच्यामागे गाव वळलं.

दुपारी लोक टेकडीवर चटयांवर बसले होते. दौलोबा परत आला नव्हता. ठकूबाई सुभानजीपाशी आली.

“बाबा, आम्ही धावलो ते चुकलं का रे?”

“नाही, आजी.”

“मग घंटा चुकली?”

“घंटा अटींप्रमाणे होती.”

म्हातारी म्हणाली, “आम्ही कुठे धावतो, ते तू एकदा विचारायचंस.”

“विचारायला हवं होतं,” सुभानजी म्हणाला. तो रडू लागला, आणि म्हातारी त्याच्याजवळ बसून राहिली.

दुसरी घंटा दौलोबाच्या भावाने ओतली. सुभानजीने या वेळी अटी लिहिण्याआधी गावात थाळी बडवून पाहिली. कधी विहिरीपाशी, कधी रानात, कधी देवळामागे. लोक कुठून निघतात, कुठल्या वाटेने येतात, कुठे थांबतात, ते तो उभा राहून बघत असे. लोकांना त्याने काही शिकवायला घेतलं नाही. चाक नदीवरच ठेवलं. चाकापासून एक लांब दोर खांबाखांबांवरून टेकडीवर नेला आणि घंटा तिथे, झोपड्यांच्या मधोमध टांगली.

पुढच्या वर्षी भाद्रपद शुद्ध दशमीला, कोरड्या आभाळाखाली, ती वाजली. सगळं गाव हातातलं काम टाकून टेकडीवर धावलं. वर पोचल्यावर धापा टाकत माणसं एकमेकांना विचारत होती, काय झालं, कुणाला लागलं. मग त्यांनी खाली पाहिलं.

घाटाकडची अठ्ठावीस घरं वाहून गेली. माणूस एकही गेला नाही.

बोध: वस्तू कशी हवी हे विचारण्याआधी, ती आल्यावर माणसं काय करतील हे विचारावं.