दाराशी उघडलेली पिशवी

एका गावात एक वाचनालय होतं, आणि त्या गावाचा पुस्तकांपेक्षा कुलपांवर जास्त विश्वास होता. पुस्तकं सगळी काचेच्या कपाटांत, कपाटांना कुलपं, आणि किल्ल्या ग्रंथपालांच्या कमरेला. वाचकानं खिडकीशी उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं, मग आतून पुस्तक यायचं. ज्याला नाव माहीत नाही त्याला पुस्तकही नाही. व्यवस्था जुनी होती, चोख होती आणि माझ्या मते जरा लबाडही होती.

गावाच्या मधून एक ओढा वाहत होता. अलीकडे वाचनालय, आणि त्याचे जुने सभासद: अध्यक्ष, वैद्य, सोनार, मास्तर आणि त्यांच्यासारखीच इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं. पलीकडे वस्ती. तिथं दगड फोडणारे, टोपल्या विणणारे, भांड्यांना कल्हई लावणारे राहायचे. त्या लोकांना वाचनालय बंद आहे असं कुणी कधी म्हटलं नाही. ते येतच नाहीत, एवढंच सगळे म्हणायचे.

जुने ग्रंथपाल थकले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. त्यांनी आल्या आल्या कुलपं काढून टाकली. ज्याला जे हवं ते त्यानं हातात घेऊन चाळावं, असं त्या म्हणाल्या. मग ओढा ओलांडून वस्तीत गेल्या आणि दार तुमच्यासाठीही उघडं आहे, असं घरोघर सांगून आल्या.

अध्यक्षांनी तपकिरीची चिमूट ओढत त्यांना बाजूला घेतलं. आवाज मऊ होता, आणि असा मऊ आवाज ऐकला की मला उगीच धास्ती वाटते.

"दार उघडणं सोपं असतं, बाई," ते म्हणाले. "आत कोण येतंय, त्यावर डोळा ठेवणं अवघड."

पलीकडून पहिली आली ती कल्हईवाली. खांद्याला कळकट पिशवी, हाताची बोटं राखेनं काळी. उंबऱ्याबाहेर थांबून तिनं पदरानं हात खसखसून पुसले आणि मगच आत पाऊल टाकलं. रात्रीच्या वर्गात ती मोठेपणी वाचायला शिकली होती. घरी तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती. दिवस सरत नाही म्हणून म्हातारी गोष्टी मागायची, आणि सुनेला येत होत्या तेवढ्या गोष्टी केव्हाच संपल्या होत्या.

कल्हईवालीनं एका नावाड्याची गोष्ट नेली. जाडजूड गोष्ट होती, दोन भागांची. रोज संध्याकाळी ती सासूच्या उशाशी बसून बोट फिरवत वाचायची, आणि हळूहळू शेजारपाजारचेही दाराशी येऊन टेकायला लागले. पहिला भाग संपला तेव्हा नावाडी भर समुद्रात होता, वादळ सुटलं होतं आणि नावेला तळाशी भोक पडलं होतं.

"पुढं काय झालं ते आण," म्हातारी म्हणाली. तिची तब्येत उतरत चालली होती. ती हसून सांगायची की नाव बुडाली की तरली हे कळल्याशिवाय मी काही डोळे मिटायची नाही. पण रात्री तिचा श्वास घरघरायला लागला की सुनेला ते हसणं आठवायचं आणि झोप लागायची नाही.

दुसरा भाग कपाटात नव्हता. कुणी नेल्याची नोंदही नव्हती. कल्हईवाली दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, मग येतच राहिली. दर वेळी तिचा एकच प्रश्न असायचा, नावाड्याचा दुसरा भाग आला का. ग्रंथपाल बाई शोधायच्या आणि नाही म्हणून मान हलवायच्या.

तेवढ्यात आणखीही पुस्तकं दिसेनाशी झाली. वैद्यकीचं एक, जुन्या नाण्यांवरचं एक, नाटकाचं एक. सगळी चांगली, सगळी मागणी असलेली. मग काय, वाचनालयात पानं उलटण्याच्या आवाजापेक्षा कुजबुजीचा आवाज मोठा झाला. संशयाचं एक बरं असतं, त्याला पुरावा लागत नाही, फक्त दिशा लागते. इथं दिशा ओढ्याची होती.

सोनार म्हणाले, ती कल्हईवाली सारखी त्या एकाच पुस्तकाबद्दल विचारते, हे तुमच्या लक्षात आलं का?

ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "तिनंच चोरलं असतं तर ती रोज मागायला कशाला आली असती?"

"तीच तर तिची हुशारी," सोनार म्हणाले, आणि भोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता यावर काय बोलणार? मागितलं तर चोर, आणि नसतं मागितलं तर पुस्तक मिळालं म्हणून गप्प बसली, म्हणजे पुन्हा चोरच. पण ग्रंथपाल बाई नव्या होत्या. अध्यक्षांचं मन मोडलं तर कपाटांना पुन्हा कुलपं लागतील, अशी त्यांना भीती होती. मोठं वाचवायचं तर लहान गोष्टीत नमतं घ्यावं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. भल्या माणसांचं असं नेहमीच होतं, आणि म्हणून मी भल्या माणसांवरही नजर ठेवून असतो.

त्यांनी दाराशी एक टेबल मांडलं. दाराबाहेरच्या फळ्यावर आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'ओढ्यापलीकडून येणाऱ्यांनी जाताना पिशवी उघडून दाखवावी.'

त्या दिवशी कल्हईवालीनं फळा वाचला. वाचायला शिकल्याचा तिला पहिल्यांदाच पस्तावा झाला. पण नावाडी अजून समुद्रातच होता, म्हणून ती आत गेली. दुसरा भाग आला नव्हता. परतताना तिनं पिशवी टेबलावर ठेवून उघडली. आत कल्हईचं सामान, म्हणजे कथलाचा तुकडा, नवसागराची पुडी, कापसाचा बोळा, आणि फडक्यात बांधलेली भाकरी होती. ग्रंथपाल बाईंनी घाईनं पाहिल्यासारखं केलं आणि नजर दुसरीकडे वळवली. वाचायला बसलेल्यांनी मात्र भाकरीपर्यंत सगळं नीट पाहून घेतलं.

वस्तीतली बाकीची माणसं येईनाशी झाली. कल्हईवाली तेवढी येत राहिली, पिशवी उघडत राहिली.

आणि गंमत बघा, पुस्तकं जायची काही थांबली नाहीत. पिशव्या रोज उघडत होत्या, तरी एक प्रवासवर्णन गेलं, मग एक कोड्यांचा संग्रह गेला. शहाण्या माणसानं म्हटलं असतं की आपण चुकीच्या दाराशी बसलोय. पण इथले शहाणे म्हणाले, पदराखालून नेत असेल. अध्यक्षांनी सभा घेतली आणि ठरवलं की वस्तीतल्या घरांची झडती घ्यायची आणि पलीकडच्यांना वाचनालय कायमचं बंद करायचं. सगळ्यांनी हात वर केले. ग्रंथपाल बाईंनी झडतीच्या कागदावर सही करायची तेवढी बाकी होती.

त्यांनी पेन उचललं. मग त्यांना टेबलावरची ती भाकरी आठवली, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आधी आपलं घर झाडू," त्या म्हणाल्या. "पाऊस सरलाय. पुस्तकांना ऊन दाखवायचं राहिलंय. सगळी कपाटं रिकामी करू, मग सही करते."

पुस्तकांना ऊन दाखवायची रीत त्या वाचनालयाइतकीच जुनी होती. तिला नाही कोण म्हणणार? पण बाईंना एक विचित्र गोष्ट दिसली. एरवी कामाचं नाव काढलं की कंबर धरणारे सभासद त्या सकाळी दार उघडायच्या आधीच हजर होते. वैद्य म्हणाले, वैद्यकीचं कपाट नाजूक आहे, ते मीच काढतो. सोनारांना इतिहासाच्या कपाटाची काळजी लागली होती. मास्तर नाटकांच्या कपाटाला पाठ लावून उभे होते. अध्यक्षांचं म्हणणं होतं की धर्मग्रंथांच्या कपाटाला ऊन नकोच, पानं फार जुनी आहेत.

ग्रंथपाल बाईंचा संशय इतके दिवस ओढ्यापलीकडे फिरत होता. तो त्या सकाळी पहिल्यांदा घरी परतला.

"ज्याचं त्यानं नको," त्या म्हणाल्या. "अदलाबदल करू. वैद्यबुवा, तुम्ही इतिहास घ्या. सोनारांनी नाटकं काढावीत. मास्तर, तुम्ही वैद्यकीकडे या. अध्यक्षांचं कपाट मी बघते."

नाही म्हणायला कुणाला कारण सापडलं नाही. पुस्तकांच्या रांगा अंगणात यायला लागल्या, आणि रांगांच्या मागे कपाटाच्या पाठीला टेकवून ठेवलेली पुस्तकंही यायला लागली. नाण्यांचं पुस्तक इतिहासाच्या मागे निघालं. नाटक नाटकांच्याच मागे होतं, खुणेला मास्तरांच्या लाल पेन्सिलीसकट. वैद्यकीच्या पुस्तकात वैद्यांच्या औषधाची पुडी सापडली. प्रवासवर्णन आणि कोड्यांचा संग्रहही असेच निघाले. आणि ज्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही अशा धर्मग्रंथांच्या मागे, तपकिरीचा वास मारत, नावाड्याचा दुसरा भाग आरामात उभा होता. तपकीर ओढणारा सभासद गावात एकच होता.

 मग वैद्य सोनारांना चोर म्हणाले, सोनार मास्तरांना म्हणाले, आणि मास्तरांनी ते वैद्यांना परत केलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. कुलपं निघाल्यावर आवडीचं पुस्तक कुणीही नेईल, काळ्या हातांनी हाताळेल, म्हणून प्रत्येकानं आपल्यापुरतं एखाददुसरं पुस्तक मागे सरकवून ठेवलं होतं. दुपारी येऊन वाचायचं आणि पुन्हा मागे ठेवायचं. आपण चोरलं असं कुणालाच वाटत नव्हतं. आपण केलं ते नुसतं ठेवणं. बाकीची गेली ती मात्र नक्कीच वस्तीतल्यांनी नेली, असं प्रत्येक जण मनापासून धरून चालला होता. आपल्या एका पुस्तकाचा हिशोब ज्याचा त्याला ठाऊक होता, आणि तरी सगळ्यांनी झडतीसाठी हात वर केले होते. मला या गोष्टीतलं सगळ्यात भयंकर काय वाटतं विचाराल, तर हे.

अध्यक्षांचा आवाज पुन्हा मऊ झाला. ते म्हणाले, "पुस्तकं मिळाली, झालं. घरातली गोष्ट घरात राहू द्या, बाई. फळा पुसून टाका म्हणजे संपलं."

"आळ चारचौघांत घेतला," ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "तो मनातल्या मनात कसा मागे घेऊ?"

त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि ओढा ओलांडला.

कल्हईवालीच्या झोपडीत म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, पार वाळलेली. बाईंना दारात पाहून ती सुनेला म्हणाली, "हौसे, कोण आलंय बघ." ग्रंथपाल बाईंना तेव्हा कुठं कळलं की कल्हईवालीचं नाव हौसा आहे. इतके दिवस तिची पिशवी पाहिली होती, नाव विचारलं नव्हतं, नोंदवहीतलंही वाचलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

बाई उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार, तेवढ्यात म्हातारीनं हात वर केला.

"आदी पिशवी उघडा, बाई," ती म्हणाली. "आमच्यात ही रीत न्हवती. तुमच्या दारात शिकलो."

हौसा कावरीबावरी झाली. दाराशी वस्तीतली माणसं जमली होती. सगळ्यांचे डोळे पिशवीवर होते, आणि त्या डोळ्यांत विश्वासाचा लवलेश नव्हता. ग्रंथपाल बाईंनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. चष्म्याचं घर, किल्ल्यांचा जुडगा, रुमाल आणि सगळ्यात शेवटी नावाड्याचा दुसरा भाग. रिकामी पिशवी त्यांनी उलटी करून दाखवली.  कुणी आपली पिशवी बघत असलं की कसं वाटतं, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

"आता बसा," म्हातारी म्हणाली.

बाईंनी पुस्तक हौसापुढे धरलं. हौसानं हात मागे घेतले.

"घरात नको ठेवायला, बाई. पुन्हा काही हरवलं तर? तुम्हीच वाचा, आन् जाताना घेऊन जा."

मग ग्रंथपाल बाई मांडी घालून बसल्या आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी त्या यायच्या, दारात आपणहून पिशवी उघडायच्या, वाचायच्या, आणि पुस्तक परत न्यायच्या. नाव तरली. नावाडी आपल्या गावच्या किनाऱ्याला लागला ते पान म्हातारीनं दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. समाधानानं गेली असं लोक म्हणतात. पण पुस्तक कपाटात मागे दडवलं नसतं तर ती गोष्ट तिनं सुनेच्या तोंडून ऐकली असती, हे मात्र लोक म्हणत नाहीत.

दाराबाहेरच्या फळ्यावर आता नवं लिहिलेलं होतं. 'हरवलेली पुस्तकं आमच्याच कपाटांत मागे सापडली. ती आमच्याच सभासदांनी ठेवली होती. हौसाबाईंवर आणि वस्तीवर आळ आला. टेबल मांडलं ती चूक माझी.' खाली ग्रंथपालांची सही होती. अध्यक्षांनी रागानं वाचनालय सोडलं, त्यांच्यामागोमाग आणखी काही जण गेले. त्यांच्या जाण्यानं बसायला जागा झाली. त्यांच्या जागी वाचनालयाच्या समितीत वस्तीतली दोन माणसं आली, आणि कपाटांत मागे काय आहे हे आता कुणीही, केव्हाही पाहू शकत होतं.

बऱ्याच दिवसांनी हौसा वाचनालयात आली. तिनं एक पुस्तक निवडलं, नोंद केली आणि निघाली. दाराशी टेबल नव्हतं, तरी ती तिथं थांबली आणि तिनं पिशवी उघडून धरली.

"आता कुणी बघत नाही, हौसाबाई," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"ठावं हाय, बाई," ती म्हणाली. "हाताला सवय लागली."

तात्पर्य: दुसऱ्याच्या पिशवीत हात घालण्याआधी आपल्या कपाटात मागे बघावं, आणि ज्याच्या हाती किल्ल्या असतील त्यानं सगळ्यांच्या आधी बघावं. फळ्यावरचा आळ ओल्या फडक्यानं पुसता येतो. ज्याच्यावर घेतला त्याच्या हातातून तो लवकर जात नाही.